लसीत गर्भ नाहीये, पण गोष्ट सांगायला कोणी तयारही नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या ऐरोलीच्या सोसायटी ग्रुपवर गोवर-रुबेलाच्या लसीवरून जी काही जुंपली ती बघून हे पत्र लिहितोय. कोणीतरी फॉरवर्ड टाकला की या लसीत गर्भपात केलेल्या बाळाचे तुकडे असतात, हिंदूंनो जागे व्हा वगैरे. त्यावर दुसऱ्याने लगेच लिहिलं की हे सगळं थोतांड आहे, असं काही नसतंच, व्हॉट्सॲप युनिव्हर्सिटी बंद करा. मग दोन दिवस दोन्ही पार्ट्या एकमेकांना अडाणी ठरवत बसल्या आणि ज्या सूनबाईंनी फक्त एवढंच विचारलं होतं की बाळाला नऊ महिन्यांचा डोस द्यायचाय, देऊ ना, त्यांना उत्तर कोणीच दिलं नाही. मी दिलं, पर्सनल मेसेज करून, की द्या, बिनधास्त द्या. पण खरं सांगायचं तर त्या भांडणात दोन्ही पार्ट्या चुकीचं बोलत होत्या आणि नोकरीची बरीच वर्षं मी टीटीसी एमआयडीसीतल्या एका कंपनीत सेल कल्चरच्या लॅबमध्ये, ज्या पेशींवर अशा लसी बनतात त्याच पेशी वाढवण्यात घालवल्यामुळे मला गप्प बसवेना.

खरं काय ते आधी सांगतो. लसीत गर्भाचे तुकडे नसतात. पण रुबेलाचा विषाणू ज्या पेशींवर वाढवतात त्या पेशी मूळच्या एका गर्भाच्या फुफ्फुसातून आलेल्या आहेत, हे शंभर टक्के खरं आहे. विषाणूला वाढायला जिवंत पेशी लागतात, तो बॅक्टेरियासारखा नुसत्या सूपमध्ये वाढत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये लेनर्ड हेफ्लिक यांनी १९६२ साली स्वीडनमधल्या एका गर्भपातातून मिळालेल्या साधारण तीन महिन्यांच्या गर्भाच्या फुफ्फुसापासून डब्ल्यूआय-३८ नावाची पेशींची लाइन, म्हणजे एकाच मुळापासून पुढे वाढवत नेलेला पेशींचा वंश, तयार केली. मग १९६६ मध्ये इंग्लंडात चौदा आठवड्यांच्या गर्भापासून एमआरसी-५ झाली. आजही रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस ए यांच्या बऱ्याच लसी या दोन लाइन्सवरच बनतात. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या एमआर, म्हणजे गोवर-रुबेलाच्या, लसीच्या कागदावर बारीक इंग्रजीत ह्यूमन डिप्लॉइड सेल असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ हाच. आणि ज्यांनी कोविशील्डचे दोन-तीन डोस घेतलेत, म्हणजे आपल्यातले बहुतेक सगळे, त्यांच्यासाठी अजून एक, ती लस एचईके-२९३ या पेशींवर वाढवलेली होती, त्या १९७३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला एका गर्भाच्या किडनीपासून बनल्या. २९३ का, तर तो त्या संशोधकाचा २९३ नंबरचा प्रयोग होता म्हणून! तो गर्भपात होता की आपोआप पडलेला गर्भ होता याचा नीट रेकॉर्डच राहिलेला नाही.

नवीन लसीसाठी दरवर्षी नवीन गर्भपात करतात, हे मात्र साफ खोटं. रुबेलासारख्या लसींसाठी साठ वर्षांपूर्वीचे तेच दोन गर्भ, आणि कोविशील्डसाठी तो लायडनचा. पेशी वाढवायच्या, छोट्या छोट्या बाटल्यांत भरून लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवायच्या, लागतील तशा काढायच्या. डब्ल्यूआय-३८ साधारण पन्नास वेळा दुप्पट होते मग थांबते, हे थांबणंसुद्धा हेफ्लिकनीच शोधलं, पण सुरुवातीलाच एवढ्या बाटल्या गोठवल्या की त्या अजून पुरतायत.

हे काम प्रत्यक्षात कसं असतं ते लोकांना माहीतच नसतं म्हणून थोडं सांगतो. नायट्रोजनच्या कॅनमधून बाटली काढली की ती ३७ डिग्रीच्या वॉटर बाथमध्ये हलवत हलवत झटपट वितळवायची, शेवटचा बर्फाचा कण राहिला की बाहेर, मग गुलाबी मीडियामध्ये, म्हणजे पेशींच्या पातळ खाद्यात, टाकून फ्लास्क इनक्युबेटरमध्ये ठेवायचा. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली बघितलं की पेशी तळाला चिकटलेल्या दिसतात, लांबट, टोकदार, एकमेकींना समांतर, पाटावर वाळत घातलेल्या शेवयांसारख्या. मीडिया पिवळा पडायला लागला की समजायचं यांना भूक लागलीये, बदला. रविवारी पण जावं लागायचं, पेशींना सुट्टी कळत नाही. आणि दसऱ्याला बाकीच्या प्लांटसारखी आमच्या लॅबचीही पूजा व्हायची, क्लीन रूममध्ये फुलं चालत नाहीत म्हणून झेंडूचं तोरण बाहेरच्या दारालाच, हळदकुंकू दाराच्या हँडलला, आणि आत इनक्युबेटरमध्ये एमआरसी-५ चे फ्लास्क शांतपणे वाढतायत. आमच्यात एक जैन मुलगा होता, फार हुशार, चातुर्मासात रात्रीचं जेवण बंद, कांदा-लसूण तर बाराही महिने नाही. त्याला जॉइन झाल्यावर काही दिवसांनी कळलं की या पेशी कुठून आल्या. तो आठवडाभर गप्प होता. मग त्याने मला जे विचारलं ते आजपर्यंत एकाही मॅनेजरने विचारलं नव्हतं. म्हणाला, सर, मी केलं नाही, करायला सांगितलं नाही, पण मी अनुमोदन देतोय का?

कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलेली, करवून घेतलेली आणि दुसऱ्याने केलेली पाहून बरं झालं म्हटलेली हिंसा, तिन्ही हिंसाच. हे जैनांमध्ये तर आहेच, पतंजलीच्या योगसूत्रातही हेच तीन शब्द आहेत. म्हणजे आपल्याकडे या प्रश्नाला भिडायचं हत्यार तयार आहे, फक्त ते कोणी वापरत नाही, आपण डायरेक्ट महापाप नाहीतर डायरेक्ट थोतांड.

कॅथलिक लोकांनी मात्र हा विषय नीट चघळलाय आणि ते आपण बघायला हरकत नाही. २००३ साली अमेरिकेतल्या एका बाईने व्हॅटिकनला पत्र लिहून विचारलं की रुबेलाची लस मुलांना द्यायची की नाही. उत्तर यायला दोन वर्षं लागली (आमच्या महापालिकेपेक्षा बरे म्हणायचे), पण २००५ मध्ये आलं ते मुद्देसूद होतं. गर्भपात करणारा, पेशी काढणारा, लस बनवणारी कंपनी आणि बाळाला लस देणारी आई, या सगळ्यांची जबाबदारी सारखी नाही. आई त्या कृत्यापासून फार लांब आहे. दुसरी लस मिळत नसेल आणि मुलांना किंवा गरोदर बायकांना धोका असेल तर ही द्यावी, पण सोबत आवाजही उठवत राहावं की आम्हाला दुसरी पर्यायी लस बनवून द्या. कोविडच्या वेळी २१ डिसेंबर २०२० ला त्यांनी परत तेच सांगितलं, लस घेणं म्हणजे गर्भपाताला मान्यता देणं नाही. पोप फ्रान्सिस आणि आधीचे पोप बेनेडिक्ट दोघांनीही महिन्याभरात लस घेतली. आमचे ठाण्याचे एक जुने ईस्ट इंडियन (म्हणजे इथलेच मूळचे कॅथलिक) मित्र आहेत, तलावपाळीजवळच्या चर्चमध्ये जाणारे, ते म्हणाले आमच्याकडे फादरनी सरळ सांगितलं, घ्या, पण विसरू नका. मला ते पटलं.

मुसलमानांमध्ये बऱ्याच उलेमांच्या मते गर्भात १२० दिवसांनी रूह, म्हणजे आत्मा, येते, त्याआधी वेगळा हिशोब. डब्ल्यूआय-३८ आणि एमआरसी-५ चे दोन्ही गर्भ त्या आतले. त्यामुळे त्यांच्याकडे जास्त वाद झाला तो डुकराच्या पदार्थांवरून. २०१८ मध्ये इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलने आपल्या पुण्याच्याच एमआर लसीबद्दल फतवा काढला की यात डुकराचे घटक वापरलेत म्हणून हराम, पण दुसरी लस नाही आणि मुलांना धोका आहे म्हणून वापरायला परवानगी. म्हणजे हरामही म्हटलं आणि द्यायलाही सांगितलं. आपल्याकडचे काही लोक याला हसतात. मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही, उलट हा प्रामाणिकपणा आहे. चुकीला चूक म्हणायचं आणि मूल पण वाचवायचं.

आणि बौद्धांमध्ये भिक्खूंसाठी मांसाचा एक नियम आहे, माझ्यासाठी मारलंय असं पाहिलं नाही, ऐकलं नाही, तशी शंकाही नाही, तर भिक्षेत आलेलं चालतं. त्रिकोटी परिशुद्ध म्हणतात. त्याच मापाने बघा, स्वीडनमधल्या त्या बाईने १९६२ साली लसीसाठी गर्भपात केला नव्हता. तिला तर लस बनणार हे माहीतही नव्हतं. या शेवटच्या वाक्यावर मी परत येणार आहे, कारण माझ्या मते खरी गडबड तिथेच आहे.

आता आपलं हिंदूंचं. आपल्याकडे पत्र लिहून विचारायला व्हॅटिकन नाही, ज्याचा त्याचा गुरुजी. भ्रूणहत्या महापाप हे सगळ्यांना पाठ. पण जीव कधी येतो म्हणाल तर सुश्रुत चौथ्या महिन्यात चेतना प्रकट होते म्हणतो, गर्भोपनिषद सातव्या महिन्यात जीव जोडला जातो म्हणतं, तेव्हा ग्रंथातून एक तारीख काढून फॉरवर्ड बनवणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. शिवाय आपद्धर्म, म्हणजे संकटात नेहमीचा नियम बाजूला ठेवायची मुभा, ही गोष्ट आपल्याच शास्त्रात आहे. आणि एक बोलायचं राहवत नाही, गर्भलिंगचाचणीच्या विरोधात देशात सगळ्यात आधी कायदा करावा लागला तो आपल्या महाराष्ट्राला, १९८८ साली, कारण इथे मुलींचे गर्भ पाडायचा धंदा जोरात होता. तेव्हा किती धर्मरक्षक सोनोग्राफी सेंटरच्या दारात जाऊन उभे राहिले? लस आली की मात्र भ्रूणहत्या आठवते.

बरं पर्याय काय होता तेही ऐका, कारण ज्यांना वाटतं की प्राण्यांच्या पेशी म्हणजे निष्पाप मार्ग, त्यांना हा इतिहास कोणी सांगत नाही. हेफ्लिकच्या आधी पोलिओची लस माकडाच्या किडनीवर बनायची. आणि ही माकडं कुठून जायची? भारतातून! लाखांनी ऱ्हीसस माकडं पिंजऱ्यात भरून अमेरिकेला गेली, आपण ज्यांना मारुतीचा अवतार म्हणून शेंगदाणे घालतो तीच. शेवटी १९७८ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने ही निर्यात बंद केली. शिवाय १९६० मध्ये कळलं की या माकडांच्या किडनीत एसव्ही-४० नावाचा विषाणू लपलेला असतो आणि तो लसीतून माणसांत गेलाय. मानवी पेशींची स्वच्छ लाइन हवी हा हट्ट त्यातूनच आला. कुत्रा चावल्यावर पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं आठवत असतील, ती मेंढीच्या मेंदूपासून बनवायचे, आपल्याकडे २००४-०५ पर्यंत चालू होती, कधी कधी त्यानेच लकवा मारायचा. कोव्हॅक्सिन व्हेरो पेशींवर, ती परत माकडाची किडनी, जपानमध्ये १९६२ ला बनवलेली लाइन, आणि त्या पेशींना खाऊ म्हणून वासराचं सीरम. जून २०२१ मध्ये त्यावरून किती गदारोळ झाला, सरकारला खुलासा करावा लागला की तयार लसीत वासराचं सीरम नसतं. जपानमध्ये रुबेलाची एक लस सशाच्या किडनीच्या पेशींवर बनते, आमच्या त्या जैन मुलाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला सर, हा पर्याय कसला. बरोबर बोलला.

आणि रुबेला म्हणजे काय हेही विसरू नका. मुलाला तो झाला तर दोन दिवस ताप, अंगावर पुरळ, संपलं. पण गरोदर बाईला पहिल्या तीन महिन्यांत झाला तर बाळ बहिरं, डोळ्यात मोतीबिंदू, हृदयाला भोक. अमेरिकेत १९६४-६५ च्या साथीत अशी अंदाजे २०,००० बाळं जन्मली आणि त्याशिवाय हजारो गर्भ पडले किंवा पाडले गेले. म्हणजे या लसीने थांबवलेले गर्भपात मोजायला बसलात तर, ज्यांना गर्भाची खरी काळजी आहे त्यांनी लसीच्या रांगेत पुढे उभं राहायला हवं. बाळाला लस देणारी आई कुठल्याच अर्थाने त्या जुन्या कृत्यात सामील नाही, कृत नाही, कारित नाही, आणि अनुमोदित पण नाही. हे माझं मत, कोणा गुरुजीचं नाही.

मग प्रश्न मिटला का? नाही मिटला. कारण अनुमोदनाचा प्रश्न आईला लागू नसला तरी आम्हा लॅबवाल्यांना, कंपन्यांना, सरकारला लागू आहे, आणि तो गर्भपातापुरता नाही, न विचारण्याचा आहे. त्या स्वीडिश बाईला कोणी विचारलं नाही. तिच्या गर्भाच्या पेशी सातासमुद्रापार गेल्या, त्यावर करोडो डोस झाले, आणि तिची संमती नाही. त्याच्या आधी १९५१ मध्ये बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स या काळ्या बाईच्या कॅन्सरच्या पेशी अशाच न विचारता घेतल्या, हेला सेल म्हणून जगभर विकल्या, तिच्या घरच्यांचा एका कंपनीशी समझोता झाला तो २०२३ मध्ये. कुठल्याही धर्माच्या माणसाला विचारा, दुसऱ्याची वस्तू न विचारता घेणं म्हणजे काय, तो सांगेल. त्यासाठी आत्मा कितव्या आठवड्यात येतो हे ठरवायची गरज नाही.

आणि आपण फार पुढारलोय असं समजू नका. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक सूचनांत चांगलं लिहिलंय की गर्भपाताची संमती वेगळी आणि टिश्यू देण्याची संमती वेगळी, पैशाचं आमिष दाखवायचं नाही, गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने त्या संशोधनात भाग घ्यायचा नाही. कागदावर उत्तम. पण आपल्याकडे संमतीचा फॉर्म कसा भरला जातो ते प्रत्येकाने पाहिलेलं आहे. माझ्या बहिणीचं पोट खाली झालं होतं तेव्हा एका हॉस्पिटलात (नाव घेत नाही, सगळीकडे तेच) मेहुण्यांसमोर चार कागद धरले, इथे सही, इथे सही, इथे तारीख टाका. त्यांनी विचारलं आता पुढे काय करणार, तर सिस्टर म्हणाल्या पिवळ्या पिशवीत जातं. नियमाने बरोबर आहे, बायोमेडिकल कचऱ्यात असा गर्भ पिवळ्या पिशवीतच जातो. पण बहिणीला कोणी काहीच विचारलं नाही, ती आत बेडवर होती आणि सही मेहुण्यांची. ती अजून म्हणते, मला मातीला द्यायचं होतं रे. धर्माचा प्रश्न हा असा असतो, तो ग्रुपवर फॉरवर्ड होत नाही.

लपवण्याने काय होतं ते आपण नोव्हेंबर २०१८ च्या एमआर मोहिमेत पाहिलं, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या सगळ्या मुलांना लस द्यायची होती आणि मोबाइलवर अफवा फिरत होत्या की मुलांना पुढे मूल होणार नाही. शाळांना पालकांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागल्या. तेव्हाही यंत्रणेचं उत्तर एकच, घाबरू नका, सुरक्षित आहे. अहो, सुरक्षित आहे हे मान्य, पण त्यात काय आहे ते सांगा ना. माणूस घाबरतो तो आपल्यापासून काहीतरी दडवलंय असं वाटलं की. सरकारी केंद्रावर तर लसीचा कागद आईच्या हातात येतच नाही, पाच-दहा डोसच्या बाटलीसोबत एकच कागद येतो तो खोक्यातच राहतो आणि तो असतो इंग्रजीत. आशाताईला विचारावं तर तिलाही कोणी सांगितलेलं नसतं, तिचा काय दोष, उन्हातान्हात घरोघरी फिरते बिचारी. तिला कोणी उलटं बोललं की मला राग येतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही महापालिकांच्या आरोग्य विभागांना आहे. प्रत्येक लसीकरण केंद्रावर भिंतीला मराठीत, उर्दूत, हिंदीत एक एक पान लावा, कुठली लस कशावर वाढवलेली आहे, मानवी पेशी, माकडाच्या पेशी, कोंबडीचं अंडं, यीस्ट, जे असेल ते. त्या पेशी कधीच्या, कुठल्या, त्यासाठी नवीन गर्भपात होत नाहीत, आणि तयार लसीत पेशी राहत नाहीत, गाळून काढतात, डीएनएचे अगदी बारीक तुकडे नावापुरते राहू शकतात, हेही लिहा, लपवू नका. खाली जिल्ह्यातल्या निरनिराळ्या धर्मांच्या जाणत्या लोकांचं एक-एक वाक्य घ्या, फादर, मौलाना, भंतेजी, महाराजसाहेब, गुरुजी. काही जण द्या म्हणतील, एखादे नको म्हणतील, तेही छापा, आईवडील काय ते ठरवतील. आणि मॅटर्निटी होममध्ये, मग ते पालिकेचं असो की प्रायव्हेट, गर्भ पडल्यावर किंवा पाडल्यावर बाईला स्वतःला, तिच्या भाषेत, शुद्धीवर असताना विचारा की याचं काय करायचं, मातीला द्यायचं, संशोधनाला द्यायचं की पिशवीत जाऊ द्यायचं, आणि ती नाही म्हणाली तर नाही. नवऱ्याची सही चालणार नाही.

पानावरचा मजकूर लिहून द्यायला मी तयार आहे, फुकट. शास्त्रीय भाग मी बघतो, उर्दूसाठी माझा कौशाचा एक जुना सहकारी आहे, तोही तयार आहे. आरोग्य विभागाला मेल टाकलाय, अजून पोचपावती पण नाही, तुमच्या पेपरात छापून आलं तर बहुतेक येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त लॅबवाला
ऐरोली, नवी मुंबई